बारकी औषध घेत नाही, अण्णा

अण्णा, तुम्ही गेलात त्याला आज बारा दिवस झाले आणि बारकी औषध घेत नाही. बाकी सगळं सुरळीत आहे. भेटायला येणाऱ्यांना चहा मिळतो, तुमचा फोटो मोठा करून झाला, उद्याच्या तेराव्याच्या स्वयंपाकाला सुभाषनं माणूस सांगून ठेवला आहे. लोक म्हणतात, सोनं झालं अण्णांचं, अंथरुणात खितपत पडले नाहीत. मी मान हलवते. माझं लक्ष मागच्या पडवीतल्या पिंजऱ्याकडे असतं. तिथं एक मूठभर खार मागचे पाय फरफटत फिरते आहे. तिच्यासमोर पेरूची फोड आहे, फोडीवर कॅल्शियमच्या गोळीची पूड भुरभुरलेली आहे, आणि ती पूड नसलेला भाग तेवढा कुरतडून बाईसाहेब बाजूला होतात.

तुमच्या हातून ती रोज घ्यायची. कशी, ते तुम्ही सांगितलं नाहीत. द्राक्षाची छाटणी कधी धरायची, घडाचे मणी किती विरळ करायचे, हे तुम्ही सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालासुद्धा दारात थांबवून सांगायचात. त्याच्या सात पिढ्यांत कुणी द्राक्षबाग केली नसेल, तरी सांगायचात. आणि ही एवढी एक गोष्ट, जिच्यावर एका जिवाचं चालणं-फिरणं अवलंबून आहे, ती पोटात ठेवून निघून गेलात.

मला तुमचा राग आला आहे. गेलेल्या माणसावर लिहिताना असं लिहीत नाहीत, हे मला कळतं. सुभाष म्हणाला, "ताई, तू शिक्षिका आहेस, अण्णांवर चार ओळी लिही, उद्या वाचून दाखवू." मी सकाळी वही घेऊन बसले. कष्टाळू, मनमिळाऊ, शिस्तप्रिय असे तीन शब्द लिहिले आणि खोडले. मनमिळाऊ! तुम्ही! मग जे मनात होतं तेच लिहायला घेतलं. हे काही उद्या वाचून दाखवता येणार नाही.

आई गेल्यावर तुम्ही बाग सुभाषच्या हवाली केलीत आणि गंगापूर रोडला माझ्याकडे राहायला आलात. घरात आपण दोघंच. पहिले सहा महिने तुम्ही खुर्चीत बसून रस्त्यावरच्या गाड्या बघितल्यात आणि शहरातल्या भाजीला चव नसते असं दोन्ही वेळा जेवताना सांगितलंत. मला वाटलं, हा माणूस इथं टिकत नाही. मग समोरच्यांनी गाडीवरचं पत्र्याचं शेड उतरवलं आणि पन्हळीतलं घरटं खाली आलं. तीन पिल्लं होती. दोन जागच्या जागी गेली. तिसरं तुम्ही धोतराच्या सोग्यात घेऊन आलात. डोळे मिटलेले, अंगावर केस नाहीत, शेवग्याच्या शेंगेच्या तुकड्याएवढं. मी शाळेतून आले तेव्हा माझ्या शिवणाच्या डब्यात कापूस घालून तुम्ही तिची गादी केली होती आणि औषधाच्या ड्रॉपरनं तिला दूध पाजत होता. पहिल्यांदाच तुम्ही जेवणाला नावं ठेवली नाहीत. मी म्हटलं, "अण्णा, ही जगायची नाही." तुम्ही म्हणालात, "बारकी हाय, पण चिवट हाय." तेच तिचं नाव पडलं.

ती जगली. ती वाढली, तुमच्या खांद्यावर बसायला लागली, तुमच्या खिशात झोपायला लागली. आणि खार म्हटली की शेंगदाणा, हे तुमच्या डोक्यात पक्कं होतं. शेंगदाणा, सूर्यफुलाच्या बिया, बाजरीची भाकरी, चहातलं बिस्कीट. मी एकदा म्हटलं, काहीतरी पालेभाजी द्या तिला, नुसते दाणे काय चारता? तुम्ही म्हणालात, "तू तुझ्या शाळेतल्या पोरांना गणितं घाल. खारीचं मला कळतं." सात महिन्यांनी एका सकाळी ती पडद्यावर चढायला गेली आणि मागचे पाय मागेच राहिले.

डॉक्टर बाईंकडे आपण तिला रिक्षातून नेलं ते आठवतं? तुम्ही चपलांचं खोकं मांडीवर धरून बसला होता आणि प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाल्याचा उद्धार करत होता. बाईंनी आधी आपल्या दोघांना झापलं. रानातला जीव असा घरात ठेवायचा नसतो, पिल्लू सापडलं त्याच दिवशी कळवायला हवं होतं, कायद्यातही हे बसत नाही. त्यांनी जखमी प्राणी सांभाळणाऱ्या त्यांच्या ओळखीच्या माणसालाही बोलावून घेतलं. तो बघून म्हणाला, ही आता बाहेर सोडली तर दोन दिवस टिकायची नाही, उपचार होईपर्यंत इथंच राहू द्या. मग बाईंनी एक्स-रे फोटो काढला आणि दाखवला. तिची हाडं फोटोत नीट उमटलीच नव्हती. धुरकट रेघा होत्या नुसत्या. दाण्यांत फॉस्फरस जास्त, कॅल्शियम जवळपास नाही, म्हणून शरीर तिच्या हाडांतलं कॅल्शियम काढून वापरत होतं, असं त्यांनी समजावलं. दाणे बंद. शेवग्याचा पाला, पेरू, काकडी द्या. आणि माणसांचीच चघळायची कॅल्शियमची गोळी, तिची नखाच्या टोकाएवढी पूड, रोज.

तुम्ही इतकं लक्ष देऊन ऐकत होता की मला बरं वाटलं. तुम्ही म्हणालात, "कळलं मला, बाई. कॅल्शियम आन् फॉस्फरस एका टाकीत नाय घालायचं. फाटतं." बाई हसल्या आणि म्हणाल्या, "हो आजोबा, तसंच काहीसं." त्यांना काय माहीत, त्या कुणाला हो म्हणाल्या ते! तुमच्या डोक्यात फवारणीची टाकी होती. एका वर्षी तुम्ही कॅल्शियम आणि फॉस्फरसचं खत एकत्र ढवळलं होतं, टाकीत पांढरा चोथा झाला होता, सगळे नोझल तुंबले होते, आणि ते तुम्ही जन्मात विसरला नव्हता. तुम्ही घरी आलात आणि कॅलेंडरवर पेन्सिलीनं खुणा केल्यात. एक दिवस कॅल्शियम, एक दिवस खाणं. कॅल्शियमच्या दिवशी तिला संध्याकाळपर्यंत दुसरं काही द्यायचं नाही, म्हणजे पोटात फाटायचं नाही. बागेला ड्रिपमधून खतं सोडताना करतात तसं. बाईंनी सांगितलं होतं की पूड खाण्यावरच भुरभुरायची. ते तुम्ही ऐकलं नव्हतं, कारण टाकीचं नाव निघाल्यावर पुढचं तुम्हाला ऐकायची गरजच वाटली नव्हती.

दोन आठवड्यांनी तिला झटका आला. ती डब्यात आडवी पडून थरथरत होती आणि तुम्ही तिच्याकडे बघत कॅलेंडर हातात धरून उभे होता. तेव्हा मला त्या खुणांचा अर्थ कळला. मी ओरडले. शेजारच्या काकू दारात आल्या एवढ्यानं ओरडले. "अण्णा, ती खार आहे, थॉमसन द्राक्षाची वेल नाही! उपाशी ठेवलंत तुम्ही तिला!"

"अगं, मिसळलं की फाटतं," तुम्ही म्हणालात. तुमचा आवाज बारीक झाला होता. मला तो ऐकू आला होता, अण्णा, तरीही मी बोलत राहिले. शेंगदाणे तुम्हीच चारलेत, उपाशी तुम्हीच ठेवलंत, ऐकायचं म्हणून तुम्हाला माहीत नाही. सगळं बोलले. वर हेही म्हणाले की, तुमच्या हाडांच्या डॉक्टरांनी तुम्हालाही हीच गोळी लिहून दिली आहे, ती तरी कुठं घेता? एकाच डबीतली आहे, तिच्याबरोबर घेतलीत तर काय बिघडेल?

तुम्ही म्हणालात, "माझी हाडं बाजरीवर पोसल्याली हायेत. मला नको तुमचा खडू." मग बारकीला उचलून पुन्हा बाईंकडे घेऊन गेलात, एकटेच. परत आलात आणि जाहीर केलंत, "आजपासून हिचं औषध मी बघतो. तू यात पडायचं नाय." मी पडले नाही. मी शाळेत असतानाच, आणि सुट्टीच्या दिवशी मी आडवी झाले की, तुम्ही दुपारी तिला द्यायचात. मी पाचला घरी यायची तेव्हा ती पडद्यावर असायची आणि तुम्ही खुर्चीत. मी विचारायची, "दिलं?" तुम्ही म्हणायचात, "दिलं." झालं. तीन आठवड्यांत तिचे पाय उचलले गेले. दोन महिन्यांत ती पडद्याच्या वरच्या पेलमेटवर जाऊन बसली. उजवा मागचा पाय थोडा वाकडा राहिला, तेवढंच. बाई म्हणाल्या, आजोबांनी कमाल केली. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. त्या बघण्याचा अर्थ कळायला गणित यावं लागत नव्हतं.

आणि तुमच्या गोळ्यांवरून आपलं भांडण चालूच राहिलं. रोज रात्री जेवल्यावर मी डबी तुमच्यासमोर ठेवायची, तुम्ही ती सरकवायचात. मी चिडायची, तुम्ही बातम्यांचा आवाज वाढवायचात. दीड वर्ष हेच. मला आता वाटतं, तुम्हाला त्यात मजा येत होती.

मग तुम्ही अंगणातल्या पायरीवरून पडलात आणि खुब्याचं हाड मोडलं.

हॉस्पिटलमध्ये तुम्हाला आत घेत होते. सुभाष गावाहून येऊन पोचला होता, नर्स कागद भरून घेत होती. तुम्ही ढकलगाडीवर होता, ओठ पांढरे पडले होते. आणि मी म्हणाले, "सांगत होते ना गोळ्या घ्या म्हणून! घेतल्या असत्या तर आज इथं आला नसता." सगळ्यांसमोर म्हणाले. सुभाषनं माझा हात दाबला. मी हात सोडवून घेतला. तुम्ही छताकडे बघत होता. माझ्याकडे मान वळवून एवढंच विचारलंत, "बारकीला दिलं का?"

मला आणखीच संताप आला. इथं काय चाललंय आणि तुम्हाला खारीचं पडलंय! मी म्हटलं, "दिलं."

दिलं नव्हतं. त्या दिवशी द्यायला वेळच कुठे होता? दुसऱ्या दिवशी मी पेरूवर पूड टाकून ठेवून आले. तुम्ही ऑपरेशननंतर डोळे उघडलेत आणि तेच विचारलंत. मी म्हटलं, "दिलं. खाल्लं तिनं." घरी येऊन बघते तर फोड तशीच. तिसऱ्या दिवशी केळं. तुम्ही विचारलंत, मी हो म्हटलं. मग दही, मग मध. शेवटी तुमच्या छातीत कफ भरला, बोलताना धाप लागायला लागली, तरी मला बघितलं की तुमची भुवई वर जायची आणि मी म्हणायची, "घेतलं अण्णा, सगळं घेतलं, काळजी करू नका." तुम्ही डोळे मिटायचात.

म्हणजे मघाशी मी लिहिलं की तुम्ही सांगितलं नाहीत, ते खरं नाही. मी तुम्हाला सांगूच दिलं नाही. एकदा जरी म्हटलं असतं, "अण्णा, घेत नाही हो ती, कशी देता तुम्ही?" तर त्या धापेतसुद्धा तुम्ही सांगितलं असतंत. आवडीनं सांगितलं असतंत, दहा वेळा सांगितलं असतंत, मला कसं काही येत नाही हेही वर सांगितलं असतंत. आठ दिवस मिळाले होते. मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून खोटं बोलले, असं मी स्वतःला सांगते. खरं म्हणजे तुम्हाला जमतं ते मला जमत नाही, हे मला तुमच्यापुढे कबूल करायचं नव्हतं.

दहाव्याला घाटावर कावळा शिवेना. पिंड ठेवून अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. कावळे समोरच्या भिंतीवर रांगेत बसले होते, पण एक खाली उतरेल तर शपथ. सुभाष हात जोडून म्हणाला, "अण्णा, बाग विकणार नाही." कावळे बसलेलेच. आत्या म्हणाली, "नंदाला एकटं पडू देणार न्हाय आम्ही." तरी नाही. गुरुजी घड्याळ बघायला लागले, मागं दुसरी मंडळी खोळंबली होती. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला माहीत होतं काय म्हणायला हवं ते. "बारकीला मी सांभाळीन." तीन शब्द. पण त्या दिवशी सकाळीच तिचे मागचे पाय पुन्हा फरफटायला लागले होते, आणि तिला कसं सांभाळायचं हे मला ठाऊक नव्हतं. आठ दिवस तुमच्या तोंडावर खोटं बोलले होते. पिंडासमोर उभं राहून नवव्यांदा बोलायला जीभ उचलेना. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. आत्या घरी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

काल बाईंकडे गेले होते. त्यांनी तिचा पुढचा पंजा बोटावर धरून बघितला, तो थरथरत होता. त्या म्हणाल्या, उद्या-परवापर्यंत पोटात कॅल्शियम गेलं नाही तर पुन्हा झटका येईल, आणि या वेळी ती तो सोसेल असं वाटत नाही. मी विचारलं, सिरिंजनं तोंडात घालू? त्या म्हणाल्या, धरताना ती धडपडली तर हाड मोडेल, जोर अजिबात लावायचा नाही. "आजोबा कसे देत होते? तसंच द्या ना." मी म्हटलं, हो. आणखी काय म्हणणार? आज सकाळी मी शेंगदाण्याच्या कुटात पूड लपवून दिली. दाणे बंद असताना दिले, एवढी माझी मजल गेली. तिनं वास घेतला आणि पाठ फिरवली. एवढीशी खार, पण तिची ती पाठ बघून मला तुम्हीच आठवलात.

इथपर्यंत लिहून वही मिटली होती. दुपारी तुमचे दामूकाका आले. मखमलाबादहून कोथिंबीर, मेथी आणि झेंडू घेऊन पंचवटीच्या बाजारात येतात ते. बाजार उरकला की आठवड्यातून दोन-तीनदा तुमच्याशी गप्पा मारायला यायचे, मी शाळेत असताना. माझ्यामागं घरात कोण आलं-गेलं हे मला चहाच्या कपांवरून कळायचं, म्हणून त्यांची माझी फारशी ओळख नव्हती. त्यांनी उद्यासाठी झेंडूची पाटी आणली होती. फोटोसमोर जरा वेळ बसले, मग उठून थेट पडवीत गेले. पिंजऱ्यापाशी वाकून म्हणाले, "काय गं बारके, पडून का हायेस?"

मी म्हटलं, "औषध घेत नाही ती, काका. अण्णा गेल्यापासून एक कण घेतलेला नाही."

"कसं देतीस?"

मी पेरू दाखवला. दामूकाका हसले. आतला फोटो पडवीच्या दारातून दिसत होता, त्याच्यासमोर हसू नये म्हणून त्यांनी तोंडावर हात धरला, तरी हसले. "अगं, दिल्यालं खातीच नाय ती! तिला हिसकावून पायजे. तुझा बाप काय करायचा, म्हायती का? गोळी टाकायचा तोंडात आन् कडाकडा चावायचा. आवाज आला का ही निघाली, सरसर छातीवर. त्याच्या व्हटात नाक घालायची. मंग तो एक कण काढून दोन बोटांत धरायचा आन् नाय देत, नाय देत करायचा. मंग ही असा झटका मारून घ्यायची!"

"आणि उरलेली गोळी?"

"उरल्याली? खाऊन टाकायचा की. थुकतो का काय मंग?"

"रोज?"

"मी आलो तवा तवा तर बघितलंच. आन् रोजचंच हाय म्हणायचा. मी म्हणलं बी, आण्णा, घरात सांगत का नाय, पोरगी रोज भांडती तुझ्याशी गोळीपायी. तर म्हणला, नंदीला बोलू नको. तिला कळलं तर म्हणंल, बघा, मी सांगत नव्हते? मंग माझी या घरात ऱ्हायची सोय ऱ्हायची नाय."

मी पडवीच्या कट्ट्यावर बसले. अण्णा, मी म्हटलंच असतं. शंभर टक्के म्हटलं असतं. आठवडाभर म्हटलं असतं, सुभाषला फोन करून सांगितलं असतं. तुम्ही मला बरोबर ओळखलं होतं.

एका गोळीत बारकीचे निदान आठ-दहा दिवस निघायला हवे होते. तीस गोळ्यांची डबी महिन्याला संपायची आणि मी दर महिन्याला नवी आणायची. सव्वीस वर्षं मी मुलांना त्रैराशिक शिकवते आहे. हे गणित मला एकदाही सुचलं नाही, कारण तुम्ही गोळी घेत नाही हे मी ठरवूनच टाकलं होतं. पुढचं ऐकायची मलाही गरज वाटली नव्हती.

आणि त्या दिवशी ढकलगाडीवर? तेव्हा तरी सांगायचं होतं! एवढं दुखत असताना, एवढ्या लोकांसमोर तुमची मुलगी तुम्हाला नाही नाही ते बोलत होती. "रोज घेतोय मी गोळी," चार शब्द होते. तुम्ही आयुष्यात माझं एक वाक्य बिनउत्तराचं जाऊ दिलं नाहीत, आणि नेमकं जे चुकीचं होतं तेच ऐकून घेतलंत. मला नको होतं ते. मला तुमचं नेहमीचं उलट उत्तर हवं होतं. तुम्ही गोळ्या घेत नव्हता म्हणून हाड मोडलं, एवढ्यावर मी हे बारा दिवस काढले आहेत. कुणीतरी चुकलं होतं, ते तुम्ही होता, आणि मी चिडून राहू शकत होते. आता तेही राहिलं नाही. गोळी घेऊनही हाड मोडलं. वय झालं होतं, पायरी चुकली, दुसरं काही नाही. यावर मी कुणाशी भांडू?

दामूकाका म्हणाले, "बसलीस काय? आण गोळी." मी डबी आणली, पिंजऱ्याचं दार उघडलं, जमिनीवर मांडी घातली आणि एक अख्खी गोळी तोंडात टाकून चावली.

अण्णा, काय घाण लागते ती! खडू चावून वर संत्र्याचं खोटं सरबत प्यावं तशी. दाताला चिकटते, टाळूला चिकटते, गिळली तरी जात नाही. आमटीत मीठ कणभर कमी पडलं तर ताट सरकवणारे तुम्ही. माझ्या हातच्या भाकरीला दहा नावं ठेवणारे तुम्ही. दीड वर्ष रोज दुपारी हे चघळत होता आणि एका शब्दानं बोलला नाहीत, कारण चवीबद्दल ब्र काढला असता तर मला कळलं असतं.

मी आवाज करून चावत राहिले. बारकीनं मान उचलली. पुढच्या पायांवर अंग ओढत ती पिंजऱ्याच्या दारापाशी आली, थांबली, मग माझ्या साडीला लटकली. मला तिला उचलून घ्यावंसं वाटलं. दामूकाका म्हणाले, "हात लावू नको, येऊ दे तिला." ती दोनदा घसरली. तिसऱ्यांदा पदर धरून वर आली, छातीवर जरा दम खाल्ला, आणि मग तिच्या मिशा माझ्या हनुवटीला लागल्या. मी ओठांतून एक कण काढला आणि दोन बोटांत धरून म्हटलं, "नाही देत." तिनं तो हिसकावला. माझ्याकडे पाठ करून, दोन्ही पंजांत धरून कुरतडला, सगळा. दामूकाकांनी फोटोकडे बघून हात जोडले.

कण संपल्यावर ती वळली आणि माझ्या तोंडाकडे बघत बसली. उरलेली गोळी माझ्या दाढेत होती. ती थुंकावी म्हणून मी उठणार होते, पण तिच्या डोळ्यांदेखत थुंकता येईना. उद्या पुन्हा फसवायचं आहे ना तिला. मी चघळत राहिले. रडायला येत होतं आणि तोंडात तो चिकट गोळा होता, त्यामुळे तेव्हा मोठ्यानं म्हणता आलं नाही, ते इथं लिहिते.

मी चुकले, अण्णा.